ड्रॅग लिंकसाठी चेसीला खाच : एका जिप्सीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी मारुती जिप्सी, १३०० सीसी पेट्रोल. मालक पश्चिम महाराष्ट्रातले, व्यवसायाने कंत्राटदार. पावसाळ्यात चिखलात आणि ओढ्यांत गाडी घालायची हौस. गोव्यात जुलैमध्ये होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेत एकदा तरी उतरायचं, हे स्वप्न. मालक, मिस्त्री आणि गाव यांची ओळख इथे दिलेली नाही. माझा संबंध मेकॅनिकल इंजिनिअर म्हणून दुसरं मत देण्यापुरता आला, तोही काम निम्मं झाल्यावर.

जिप्सी १९८५ साली आली आणि २०१९ पर्यंत शोरूममध्ये मिळत होती. पुढे-मागे सरळ अ‍ॅक्सल, चारही चाकांना पाटे, खाली शिडीसारखी चेसी, वजन जेमतेम एक टन. कंपनीच्या रचनेत अ‍ॅक्सल पाट्यांच्या वर बसतो. उंची हवी असेल तर पाटे अ‍ॅक्सलच्या वर नेण्याचा जुना उपाय आहे. नवे पाटे लागत नाहीत, फक्त अ‍ॅक्सलवर नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात आणि गाडी एकदम चार-पाच इंच उचलली जाते. या गाडीत ते काम आधीच झालं होतं. १५ इंची रिमवर २३५/७५ मापाचे, म्हणजे सुमारे ७३३ मिमी व्यासाचे टायर होते.

त्याशिवाय तीन गोष्टी केलेल्या होत्या आणि पुढचं सगळं त्यांच्यातूनच उद्भवलं. गाडी फार उंच दिसते म्हणून पुढच्या प्रत्येक जुडग्यातला एक पाटा काढला होता. चाकाला वर यायला जास्त जागा मिळावी म्हणून चाकाचं वर येणं अडवणाऱ्या बंप स्टॉपचं रबर २० मिमी कापून टाकलं होतं. तिसरा बदल स्टिअरिंगचा. गाडी उचलली की स्टिअरिंग बॉक्सपासून डाव्या नकलकडे (चाक ज्यावर वळतं त्या सांध्याकडे) जाणारा ड्रॅग लिंक नावाचा रॉड तिरका होतो. मग खड्ड्यात चाक वरखाली झालं की स्टिअरिंग आपोआप फिरतं. ते टाळायला डाव्या नकलवर उंच आर्म बसवून ड्रॅग लिंक पाट्यांच्या वरून नेला होता. कल्पना योग्यच. पण त्यामुळे रॉड आता डावा पाटा आणि चेसीचा डावा रेल (लांब बाजूची तुळई) यांच्या मधल्या फटीतून जाऊ लागला.

अडचण

सरावात डावं पुढचं चाक एका चरात आपटलं. खालून ‘टक्’ असा धातूवर धातूचा आवाज आला आणि चाक वर असेपर्यंत स्टिअरिंग जणू कुणी धरून ठेवल्यासारखं झालं. सपाट जमिनीवर आल्यावर गाडी सरळ चालत होती, पण स्टिअरिंग व्हील तिरकं राहत होतं.

मिस्त्रींनी आधी अलाइनमेंट बघितली. टो, म्हणजे पुढच्या दोन चाकांचा आत-बाहेर कल, जिथल्या तिथे होता. दोन्ही चाकांचं एकमेकांशी नातं टाय रॉड सांभाळतो. तो वाकला असता तर टो बिघडला असता. टो ठीक आणि फक्त व्हीलचा मध्य सरकलेला, म्हणजे बॉक्स आणि नकल यांच्यामधलं अंतर बदललंय. संशय ड्रॅग लिंकवर. गाडीखाली गेल्यावर रॉडला बारीक बाक दिसला आणि डाव्या रेलच्या तळाचा रंग उडून चकचकीत डाग पडलेला दिसला.

मिस्त्रींचा सल्ला लगेच तयार होता : “साहेब, रेलला खालून अर्धा गोल कापू या, दोन तासांचं काम.” मालकांना तो पटलाही होता. ग्राइंडर सुरू व्हायच्या आधी त्यांनी मला फोन केला.

कायद्याची बाजू

हा विषय वर्कशॉपमध्ये सहसा निघत नाही, म्हणून मी तो आधी काढला. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधिक ठाम शब्दांत सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं : परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनीच्या सर्व्हेअरला चेसीवरचं वेल्डिंग शोधायला फार वेळ लागत नाही.

मालकांनी त्याच दिवशी ठरवलं की ही गाडी यापुढे रस्त्यावर चालणार नाही. स्पर्धेच्या किंवा खासगी जागेपर्यंत ट्रकवर चढवून जाईल. हे ठरलं नसतं तर मी पुढे काही सांगितलंच नसतं. चेसी नंबर कुठे कोरलाय हेही बघून घेतलं. तो उजव्या रेलवर होता, खाच डावीकडे येणार होती. नंबर त्याच बाजूला, जवळपास असता तर खाचेचा पर्याय तिथेच बाद झाला असता.

मोजणी

किती मिलिमीटर हवेत, हे कुणीच मोजलं नव्हतं. डाग दिसतोय तिथे कापायचं, एवढाच हिशेब होता.

पुढच्या डाव्या जुडग्यातला मुख्य पाटा तेवढा ठेवून बाकीचे काढले, म्हणजे जॅकने अ‍ॅक्सल हवा तेवढा वर नेता येतो. वाकलेल्या रॉडच्या जागी त्याच जाडीचा, ३२ मिमीचा सरळ रॉड तात्पुरता लावला. गाडी आपल्या उंचीवर असताना रेलचा तळ आणि रॉडची वरची कड यांत ५२ मिमी अंतर होतं. बंप स्टॉप पूर्ण दबेपर्यंत चाक ९५ मिमी वर येत होतं. रॉडचं उजवं टोक पिटमन आर्मपाशी (स्टिअरिंग बॉक्सच्या दांड्यापाशी) जागेवर राहतं, डावं तेवढं उचललं जातं. त्यामुळे रेलखालच्या बिंदूवर रॉड ९५ नव्हे तर सुमारे ७० मिमी उचलला जात होता. म्हणजे १८ मिमीची सरळ टक्कर.

पण जॅकवरचं माप हे उभ्या गाडीचं माप. लो रेंजमध्ये (जास्त जोर, कमी वेग देणाऱ्या गिअरमध्ये) चढ चढताना चाकांना मिळणाऱ्या ओढीची प्रतिक्रिया म्हणून अ‍ॅक्सल स्वतःभोवती उलटा पिळतो आणि त्याची पुढची बाजू वर उचलली जाते. उंच आर्मचं टोक त्याच बाजूला आहे. पाटा काढून जुडगं मऊ केल्यावर हा पीळ वाढणारच. अ‍ॅक्सलला पाइप बांधून तो हाताने पिळून बघितला तर रॉड आणखी ७-८ मिमी वर येत होता. तेवढा धरला, शिवाय १२ मिमी मोकळी जागा हवीच, कारण चिखलात खडा अडकतो, बुश झिजतात. एकूण गरज ३८ मिमी.

शेवटी रेलच्या तळाला शाडूचा जाड थर लावला, अ‍ॅक्सल थोडा कमी उंचीवर धरला आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. मातीत उमटलेला चर रॉडच्या जाडीपेक्षा बराच रुंद होता. आर्म वर्तुळात फिरतो, त्यामुळे रॉड नुसता वरखाली होत नाही, पुढेमागेही सरकतो. रेलखाली ते सरकणं सुमारे १४ मिमी निघालं. मिस्त्रींनी खाचेसाठी २ इंची पाइपचा तुकडा कापून ठेवला होता, त्यात हा रॉड पूर्ण लॉकवर, म्हणजे स्टिअरिंग टोकापर्यंत वळवल्यावर, कडेला घासला असता. तुकडा बाजूला गेला.

पर्याय

पहिला पर्याय मिस्त्रींचाच : काढलेला पाटा परत घालू, गाडी उचलली जाईल, रॉड सुटेल. ऐकायला बरोबर वाटतं, पण चाक जास्तीत जास्त किती वर येईल हे बंप स्टॉप ठरवतो, पाटा नव्हे. ताठ पाट्यांनी चाक तिथपर्यंत कमी वेळा पोहोचेल. ज्या दिवशी पोहोचेल त्या दिवशी टक्कर तितकीच. लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसीला जोडणारी पट्टी) लावून उंची वाढवण्यालाही हेच उत्तर.

दुसरा, फक्त बंप स्टॉप खाली आणायचा. ३८ मिमीची गरज यातूनच भागवायची तर तो सुमारे ५२ मिमी खाली हवा. मग ९५ पैकी ४३ मिमी उरतात. पुढची बाजू सतत रबरावर आपटत राहील आणि पाटे वर नेऊन जे मिळवलं त्याचा अर्धा भाग गेला. पण कसलंही वेल्डिंग नाही, खर्च नगण्य आणि नाही आवडलं तर तासाभरात परत. मालक नवखे असते तर मी इथेच थांबायला सांगितलं असतं.

तिसरा, रेलखालून जाईल असा बाक दिलेला ड्रॅग लिंक. बाकदार रॉडवर जोर आला की तो त्या बाकातच आणखी वाकतो. नाही म्हटलं.

पूर्ण हायड्रॉलिक स्टिअरिंगचं नाव मालकांनीच काढलं. त्यात ड्रॅग लिंक नसतोच, खास स्पर्धेच्या गाड्यांत ते असतं. पण व्हील आणि चाकं यांच्यात यांत्रिक जोड उरत नाही आणि या गाडीच्या बजेटला ते झेपणारं नव्हतं.

उरली खाच. पूर्ण ३८ मिमीची, की थोडी खाच आणि थोडा बंप स्टॉप?

खरा निर्णय

इथे मी कागद-पेन्सिल घेतली. जिप्सीचा रेल पुढच्या चाकांवर वळणदार असल्यामुळे ठोकताळ्यासाठी १०० मिमी उंच, ५० मिमी रुंद, ३ मिमी जाड पत्र्याची सरळ पेटी धरली. अचूक आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची होती. वाकण्याला अशी पेटी किती तोंड देते ते तिच्या सेक्शन मॉड्युलसवरून कळतं. मूळ पेटीचा तो सुमारे २२,४०० घन मिमी.

३८ मिमी खाच घेऊन ती खालून पत्र्याने नीट बंद केली तरी आकडा ११,३०० वर येतो, म्हणजे निम्मा. दोन्ही बाजूंना ५ मिमीच्या प्लेटा लावल्या तर १७,७००. मूळच्या ७९ टक्के. खाच २५ मिमी घेतली तर नुसती बंद करून ६६ टक्के राहतात आणि त्याच प्लेटा लावल्यावर २४,१००, मूळपेक्षा किंचित जास्तच. फरक १३ मिमीचा आहे, पण उंचीचा परिणाम वर्गाने आणि घनाने वाढत असल्यामुळे त्या १३ मिमीची किंमत मोठी आहे.

कापून तशीच उघडी ठेवलेली खाच हा वेगळाच प्रकार. बंद पेटी आणि एका बाजूने चिरलेली पेटी यांच्या पिळाला ताठ राहण्याच्या क्षमतेत शेकडो पटींचा फरक असतो. एक चाक खड्ड्यात आणि एक दगडावर, अशा वेळी चेसीला सोसावा लागतो तो पीळच. “दोन तासांचं काम” म्हणजे बहुतेक वेळा हीच उघडी खाच.

मग गणित सोपं झालं. कापलेलं २० मिमी रबर परत द्यायचं; त्याने रेलखाली १४ मिमी मिळतात. राहिले २४. खाच २५ मिमीची. मालकांना चाकाचा प्रवास ९५ वरून ७५ वर आलेला आवडला नाही, पण ते २० मिमी मुळात कंपनीने दिलेल्या रबराचे होते. उधारी परत केल्यासारखं झालं, असं मिस्त्रीच म्हणाले.

काम

पुढचा अ‍ॅक्सल सोडवून गाडी चेसीखाली चार स्टँडवर ठेवली, म्हणजे कापताना रेलवर भार नको. रेलला लागून जाणारी ब्रेकची नळी, वायरिंग आणि पेट्रोलची नळी सोडवून लांब बांधली. बॅटरीची निगेटिव्ह काढली, इंजिनच्या कंट्रोल युनिटचा कनेक्टर काढला. आग विझवायचं सिलिंडर हाताशी. हे सगळं करायला कापण्यापेक्षा जास्त वेळ गेला आणि मिस्त्री दोनदा घड्याळाकडे बघून घेते झाले.

चेसीचे कर्ण मोजून खडूने लिहून ठेवले. खाचेच्या पुढे-मागे रेलच्या वरच्या अंगाला एक जाड अँगल तात्पुरता टाके मारून पकडला, म्हणजे कापल्यावर रेल खचणार नाही.

खाचेला ३ इंची सीमलेस पाइप घेतला, बाहेरून ८८.९ मिमी. अर्धा पाइप न वापरता त्याचा उथळ, कमानीसारखा तुकडा कापला. रॉडला पुढेमागे सरकायला जागा मिळाली आणि कमान जितकी उथळ तितका कडेचा ताण कमी. पाइपची भिंत साडेपाच मिमी, रेलचा पत्रा तीन. वेल्डिंगचा जोर जाड बाजूवर ठेवायचा, नाहीतर पातळ बाजू जळून भोक पडतं. मिग (तार आपोआप पुढे येणारं) वेल्डिंग वापरलं, सलग न ओढता तुकड्यातुकड्याने, मध्ये थंड होऊ देत.

बाजूच्या प्लेटांवर सगळ्यात जास्त बोलणं झालं. मिस्त्रींना चौकोनी प्लेट चारही बाजूंनी भरून वेल्ड करायची सवय. चौकोनी प्लेटची उभी कड म्हणजे रेलवर आडवी मारलेली चीर; जाड-पातळ भाग जिथे एकदम बदलतो आणि वर वेल्डिंगची उष्णता बसलेली असते, तिथेच तडा सुरू होतो. म्हणून टोकं भाल्यासारखी निमुळती कापली, खाचेच्या दोन्ही बाजूंना रेलच्या उंचीहून जास्त लांब नेली, मध्ये भोकं पाडून ती भरली आणि निमुळत्या टोकाशी वेल्ड आडवा न्यायचा नाही असं ठरलं. आतल्या प्लेटचं मागचं टोक मात्र हात पोहोचेना अशा जागी होतं.

वेल्डिंगने आतला रंग जळतो आणि बंद पेटीत गंज दिसत नाही. आधीच्या भोकांतून आत गंजरोधक मेण फवारलं, खालचं पाणी जायचं भोक मोकळं ठेवलं. ड्रॅग लिंक जुना सरळ करून घ्यायची सूचना आली होती. तो भंगारात टाकला आणि जाड भिंतीच्या सीमलेस नळीचा, मध्ये कुठेही जोड नसलेला नवा केला. शेवटी तात्पुरता अँगल काढून कर्ण परत मोजले. फरक टेपवर दिसण्याइतका नव्हता.

निकाल

शाडूची चाचणी परत केली. पूर्ण दाबावर, पीळही देऊन, दोन्ही लॉकवर, रॉडवर १२-१३ मिमी माती उरली. चरात तीच परीक्षा घेतली : आवाज नाही, स्टिअरिंग मोकळं.

मालकांची एक तक्रार राहिली. उडी मारून उतरलं की पुढची बाजू पूर्वीपेक्षा लवकर रबरावर बसते. ते खरं आहे.

पावसाळा संपल्यावर गाडी धुऊन खाली बघितलं तेव्हा आतल्या प्लेटच्या मागच्या टोकाशी रंगावर केसासारखी रेघ दिसली. डाय पेनेट्रंट (तड्यात मुरणारा रंग) मारल्यावर वेल्डच्या कडेला ५-६ मिमीचा तडा स्पष्ट झाला. हात न पोहोचणारं तेच टोक. तिथे वेल्ड शेवटी आडवा ओढला गेला होता. तडा रेलच्या मूळ पत्र्यात शिरला नव्हता. तेवढा भाग ग्राइंडरने पूर्ण काढला, ब्रेकच्या नळीचा ब्रॅकेट हलवून जागा केली, टोक नव्याने निमुळतं करून परत वेल्ड केलं. कमानीत किंवा बाहेरच्या प्लेटवर काही सापडलं नाही. त्यानंतर प्रत्येक स्पर्धेनंतर तो भाग धुऊन, पुसून, टॉर्चने बघायचा असा नेम मालकांनी लावून घेतला आहे; त्यासाठी तिथे काळ्याऐवजी पांढरा रंग दिलाय, तडा पांढऱ्यावर लगेच दिसतो.

वेगळं काय करता आलं असतं

उंच आर्म आणण्याआधी शाडूची चाचणी केली असती तर चित्र वेगळं झालं असतं. रबर न कापता आणि नकलवरचा आर्म थोडा कमी उंचीचा घेऊन ड्रॅग लिंक जरा तिरका सोसला असता, तर माझ्या अंदाजाने खाच १० मिमीच्या आत भागली असती. कदाचित लागलीही नसती. पण आर्म विकत घेऊन झाला होता आणि घेतलेली वस्तू बाजूला ठेवायला कुणाचं मन होत नाही.

पाटा काढण्याबद्दल माझं मत अजून तेच आहे : उंची कमी करायचा तो सगळ्यात वाईट मार्ग होता. त्याने रॉडची टक्कर झाली नाही, पण अ‍ॅक्सलचा पीळ वाढला आणि मोजणीतले ते ७-८ मिमी तिथून आले. मालक पाटा परत घालायला तयार नाहीत. गाडी खाली दिसते ती त्यांना आवडते.

आतल्या प्लेटचं टोक हा मात्र टाळता येणारा प्रकार होता. हात पोहोचत नाही हे वेल्डिंगच्या आधी दिसत होतं. तेव्हाच ब्रॅकेट हलवायला अर्धा तास पुरला असता, किंवा प्लेट तीन बोटं आखूड करून टोक मोकळ्या जागेत आणता आलं असतं. वेल्डर पोटावर झोपून आरशात बघत टाका मारतोय, असं दिसलं की आखणी बदलायची वेळ झाली समजावं.

गाडी विकायचा विषय मध्यंतरी निघाला होता. मी मालकांना खाचेचे फोटो, मापं आणि तड्याच्या दुरुस्तीची तारीख एका फाइलीत ठेवायला सांगितलंय. घेणाऱ्याला ती फाइल आणि ही गाडी रस्त्यावर चालवता येणार नाही ही गोष्ट, दोन्ही पैसे ठरायच्या आधी मिळाली पाहिजेत. मालकांचं म्हणणं, मग गाडी घेणार कोण? सध्या ती विकायची नाही असं ठरलंय.